एकतीस नंबरचा खण

१

कपाटाला कुलूप होतं. काचेची दोन्ही दारं शाबूत होती, कुलपाच्या तोंडावर साधा ओरखडाही नव्हता. आणि आतली वरून चौथी फळी मात्र मध्येच तुटून दोन्ही बाजूंना लोंबत होती. तिच्यावरचं लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त असं सगळं गणगोत घसरून खालच्या फळ्यांवर कोसळलं होतं आणि तिथल्या बाटल्यांचा पार चुरा झाला होता.

शाळेच्या प्रयोगशाळेतलं हे कपाट म्हणजे काही साधीसुधी चीज नव्हती. त्यात प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःचा खण होता. खणात मूलद्रव्याचा नमुना आणि शेजारी ते जिथे भेटतं अशी घरातली एखादी वस्तू. टंगस्टनच्या खणात उडालेला बल्ब, टिनच्या खणात डाख द्यायची तार, सिलिकॉनच्या खणात बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची चिप. टायटॅनियमच्या खणात एक स्क्रू होता, तो कुणाच्या तरी आजोबांच्या मांडीतून निघालेला होता आणि आजोबांनी तो हौसेनं दिला होता. फ्लोरिन काही बाटलीत सुखानं नांदत नाही, म्हणून त्याच्या खणात टूथपेस्टची रिकामी ट्यूब ठेवून वेळ मारून नेली होती. हे सगळं मुलांनी घरून आणलेलं, आणि अडतीस वर्षं जपलेलं एका माणसानं. ते म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, बर्नरकाका. बर्नरची ज्योत बिघडली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे उभे असूनही ते नुसत्या आवाजावरून ओळखत, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच शिल्लक राहिलं नव्हतं.

हा प्रकार सोमवारी सकाळी उघडकीला आला. शनिवारी काकांचा निरोप समारंभ होता.

चुरा गोळा केला, काकांच्या वहीशी नमुने ताडून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाटली फुटली तरी आतला धातू कुठे जाणार? लोखंड सापडलं, तांबं सापडलं, बोटाच्या पेराएवढं निकेलही कोपऱ्यात सापडलं. एकतीस नंबरच्या खणातला सुपारीएवढा गॅलियमचा गोळा तेवढा नाहीसा झाला होता.

बुधवारी दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिकेनं एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. समारंभात भाषण करायला तिलाच बोलावलं होतं.

"शनिवारचा कार्यक्रम रद्द झालाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही उगाच हेलपाटा घालू नका. काकांनी लिहून दिलंय. फळी आपणच हातोडीनं फोडली म्हणून."

२

त्या माजी विद्यार्थिनीचं काम ऐकून लोक आधी हसत आणि मग हळूच घरातल्या मोडक्या मिक्सरबद्दल विचारत. कारखान्यात एखादा दांडा तुटला, पुलाचा बोल्ट उडाला, बॉयलरची नळी फाटली की तुटलेला तुकडा हिच्या टेबलावर येई. तो का तुटला, हे ती सांगे. ऑफिसात तिला सगळे मोडतोडताई म्हणत. तुटलेल्या कडेकडे भिंगातून दहा मिनिटं बघून ती म्हणे, हा एका दिवसात तुटलेला नाही, वर्षभर तुटत होता. आणि ते खरं निघे.

हा धंदा तिनं जिथून उचलला ती जागा म्हणजे हीच प्रयोगशाळा. चौदा वर्षांची असताना तिनं वाटाण्याएवढा सोडियमचा तुकडा पाण्यात टाकायच्या ऐवजी लिंबाएवढा टाकला होता. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि हात धुवायच्या बेसिनचे दोन तुकडे झाले. सर धावत आले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून लोखंडी स्टँड पडला." त्यांना त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मिळवून परत आल्यावर ते तिला रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "आता सांग, का फुटलं?"

तिला पुढे शास्त्र शाखेला जाऊ द्यायचं नाही, असं घरी त्या वर्षी चाललंच होतं. बेसिनचं प्रकरण घरी कळलं असतं, तर आयतंच निमित्त मिळालं असतं. ते कळलं नाही, म्हणून ती आज जी आहे ती आहे. याबद्दल तिनं काकांचे आभार कधीच मानले नव्हते. शनिवारच्या भाषणात मानणार होती. चार पानं लिहून तयार होती.

म्हणून फोन खाली ठेवल्यावर तिला पहिल्यांदा आठवलं ते बेसिनच. एकदा कुणाला पाठीशी घालणारा माणूस दुसऱ्यांदाही घालणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की या वेळी कुणाला.

गुरुवारी सकाळी ती रजा टाकून शाळेत हजर झाली.

३

मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्यामागे कामं फार होती, आणि ज्याच्यामागे कामं फार असतात त्याला उत्तर लवकर हवं असतं.

"मला आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "पण बघा ना. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक आमच्या नव्या सायन्सच्या बाईंची. त्या दोन आठवडे प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि जाताना किल्ली माझ्या लॉकरमध्ये ठेवून गेल्या. दुसरी काकांच्या कमरेला. दार फोडलेलं नाही. मग आत हात कुणाचा गेला?"

"पण काका कशाला फोडतील?"

मोठ्या बाई जरा अवघडल्या. "ते कपाट मी स्टोअररूममध्ये हलवायचं म्हणत होते. तिथे मोठा स्क्रीन लावायचाय. काका सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, मी आहे तोवर याला कुणी हात लावून दाखवावा. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता जातानाचा राग म्हणायचा, दुसरं काय? व्यवस्थापनाला कळवावं लागेल. निरोपाचा हार आणि चौकशीचं पत्र एकाच हातात कसं देऊ?"

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या," मोडतोडताई म्हणाली.

"उद्यापर्यंत. उद्या दुपारी माझं पत्र जाईल."

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच गारवा जाणवला. महिन्यापूर्वी बसवलेला एसी घरघरत होता. ताईनं पिशवीतून भिंग काढलं आणि तुटलेल्या फळीसमोर गुडघे टेकले. तीन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा होता. ज्यानं घाव घातला त्यानं वरून घातला असणार, म्हणजे पोचा हवा. पोचा नव्हता. पत्रा वाकलेलाही नव्हता. एकतीस नंबरच्या खणाखालचा तळहाताएवढा भाग तेवढा करडा, निस्तेज दिसत होता. तिनं कडेला नख लावलं.

अॅल्युमिनियमचा पत्रा बिस्किटासारखा मोडून तिच्या हातात आला.

४

"मी आधीच सांगितलं असतं," साफसफाईच्या मावशी दारातून म्हणाल्या. "पण मला कुणी विचारलंच नाही."

"काय सांगितलं असतं, मावशी?"

"सोमवारी पहिली मीच आले ना. काचेतून बघितलं, ओरडले, काका धावत आले, त्यांनी कुलूप काढलं. मग मी ओलं फडकं घेऊन ती करडी भुकटी पुसायला गेले, तर फडक्याखाली चुरचुर आवाज! बुडबुडे यायला लागले, आणि फडकं गरम झालं. हाताला चटका बसेल इतकं. मी फडकं टाकून दिलं बाई. म्हटलं, मूलद्रव्यं चिडली की काय."

"काका तेव्हा काय म्हणाले?"

"काही नाही. फळीच्या स्क्रूकडेच बघत होते सारखे."

ताईनं ते डोक्यात नीट बाजूला ठेवलं. "शनिवार-रविवार एसी चालू असतो?"

"छे! शुक्रवारी संध्याकाळी बंद. आणि एसीसाठी खिडक्या सगळ्या सील केल्यात. या दिवसांत सोमवारी दार उघडलं की भट्टीत शिरल्यासारखं होतं. मग एसी लावला की तासाभरात दात वाजतात. मधलं काही नाहीच."

फळी बसवणारा कारागीर शाळेमागच्याच गल्लीत होता. आपल्या कामाबद्दल शंका घेतली म्हणून त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"माझी फळी तुटली? ताई, अॅल्युमिनियम तुटत नाही, वाकतं!" त्यानं त्याच पत्र्याची उरलेली पट्टी शिकंज्यात घट्ट धरली आणि जोर लावून दुमडली. पट्टी मुकाट्यानं वाकली. "बघा. आता हातोडा मारा. पोचा पडेल. मोडणार नाही."

"मध्ये कुणी फळी काढली होती का?"

"मीच. नव्या बाईंनी काढायला लावली. जुनी लेबलं चिकटली होती, ती त्यांनी पात्यानं खरवडून काढली. चकचकीत केली अगदी. मग मी परत बसवली, सगळे स्क्रू आवळून. जाऊन बघा, एक ढिला निघाला तर धंदा सोडतो."

ताईनं स्क्रू आधीच पाहिले होते. एकही ढिला नव्हता. म्हणजे घाव नव्हता, वाकणं नव्हतं आणि ढिलाईही नव्हती. तरीही फळी मोडली होती, आणि कुलपाआडून सुपारीएवढा धातू हवेत विरावा तसा गेला होता.

५

बर्नरकाका आपल्या छोट्या खोलीत सामान आवरत होते. ताईला बघून त्यांचा चेहरा खुलला, मग ती का आली हे लक्षात येऊन पुन्हा मिटला.

"कशाला आलीस, पोरी? रद्द झालंय ना ते."

"काका, कुठल्या हातोडीनं मारलंत?"

त्यांनी भिंतीवरची छोटी हातोडी दाखवली. ती खिळे ठोकायच्या लायकीची होती.

"किती वेळा?"

"एकदाच."

"तीन मिलिमीटरचा पत्रा, एका घावात?"

"रागात माणसाला बळ येतं."

"आणि मग इतक्या रागात परत कुलूप लावलंत?"

काका क्षणभर अडखळले. "सवय," ते म्हणाले.

ताईला हसू आलं. अडतीस वर्षांत या माणसाला धड खोटं बोलता आलं नव्हतं. तिच्या फाइलमधली पानं सुटून खाली पडली. काकांनी वाकून ती गोळा केली, टेबलाचा खण उघडला, आतल्या एका जाड, पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीतून टाचणी काढली आणि पानं नीट टाचून दिली. त्या खणात प्रत्येक वस्तूला डबी होती आणि प्रत्येक डबी पूर्वी दुसऱ्या कशाची तरी होती. काकांनी आयुष्यात काही फेकून दिलं नव्हतं.

"नव्या बाईंना काही बोलल्या का गं मोठ्या बाई?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

झालं. काका कुणाला पाठीशी घालत होते ते तिला कळलं.

"तुम्हाला वाटतंय, फळी नव्या बाईंच्या हलगर्जीपणानं पडली," ती हळूच म्हणाली. "त्यांनी काढून परत बसवली म्हणून."

काका म्हणाले, "हुशार आहे ती मुलगी. मुलांवर जीव आहे तिचा. अजून कायम झालेली नाही. पहिल्याच वर्षी असा डाग लागला तर कायमची जाईल शिकवण्यातून. माझं काय, मी तर चाललोच आहे."

"पण तुमचं नाव जाईल, काका. अडतीस वर्षांचं."

"ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे," काका म्हणाले, आणि पुन्हा सामान आवरायला लागले.

६

नव्या बाई वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात भेटल्या. रात्रभर रडल्याचं डोळ्यांवरून दिसत होतं.

"काकांनी नाही फोडलं," त्या पहिलं वाक्य हेच बोलल्या. "ते कपाटाशी बोलतात हो. मी ऐकलंय."

"तुम्ही नक्की काय काय बदललंत?"

"तपासणी होणार होती, म्हणून म्हटलं, सगळं एकसारखं दिसावं. कुणाच्या औषधाच्या बाटल्या, कुणाच्या मधाच्या. मी पस्तीस नव्या काचेच्या बाटल्या आणल्या, लेबलं छापली, फळ्या खरवडून स्वच्छ केल्या. एवढंच."

"एकतीस नंबर?"

"तो तेवढा बदलला नाही मी. ज्या प्लास्टिकच्या बाटलीत आला होता, तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, काचेत ठेवू नये. का, ते लिहिलं नव्हतं. पण लिहिलंय तर असेल काही तरी, म्हणून तसाच ठेवला. त्याचं छापलेलं लेबल टेबलावर राहिलं आणि मी गेले प्रशिक्षणाला."

"हे कुणाला सांगितलंत?"

नव्या बाईंचा चेहरा उतरला. "कुणालाच नाही. निघायच्या गडबडीत राहूनच गेलं."

ताई तडक प्रयोगशाळेत परतली आणि काचांच्या चुऱ्याचा ट्रे पुढे ओढला. बाकीच्या बाटल्या खाली पडून फुटल्या होत्या, म्हणजे बाजूनं चेचल्या होत्या. एकीचा मात्र तळच तेवढा कड्यासारखा गोल सुटून आला होता. तिच्या आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत पापुद्रा होता, आणि बाहेर सुबक छापलेलं लेबल होतं. आकडा एकतीस.

म्हणजे कुणी तरी गॅलियम काचेत घातलं होतं. लेबल नव्या बाईंचं आणि बाटलीही त्यांनीच आणलेली. हे टेबलावर मांडलं की काका सुटणार होते आणि नव्या बाई अडकणार होत्या.

आणि मग तिला ती टाचण्यांची जाड, पांढरी बाटली आठवली.

७

शुक्रवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत मोठ्या बाई, नव्या बाई, फळीवाला कारागीर, मावशी आणि काका असे पाच जण जमले. एसी बंद ठेवायला ताईनं मुद्दाम सांगितलं होतं, त्यामुळे मोठ्या बाई पदरानं वारा घेत होत्या.

"आधी एक कबुली देते," ताई म्हणाली. "तीस वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यातलं बेसिन फुटलं, ते काकांनी नाही, मी फोडलं होतं. ताकीद त्यांनी घेतली. हे मी आज सांगतेय, फार उशिरा. पण त्यामुळे मला माहीत आहे की काकांच्या कबुलीवर किती विश्वास ठेवायचा."

काकांनी "कशाला जुनं उकरतेस" अशा अर्थाचा हात हलवला.

ताईनं दोन चंचुपात्रांत पाणी घेतलं. एकात फळीच्या टोकाचा तुकडा टाकला. तो तळाशी जाऊन गप्प बसला. दुसऱ्यात करडा, ठिसूळ तुकडा टाकला. त्याबरोबर फसफसून बुडबुडे वर आले आणि पाणी गढूळलं.

"हेच! हेच झालं होतं!" मावशी ओरडल्या.

"एकाच फळीचे दोन तुकडे," ताई म्हणाली. "अॅल्युमिनियम खरं तर पाण्याशी पटकन भांडणारा धातू आहे. पण त्याच्या अंगावर स्वतःच्याच ऑक्साइडचा इतका पातळ पापुद्रा असतो की दिसतसुद्धा नाही. ते त्याचं चिलखत. म्हणून आपण त्याची भांडी करतो, खिडक्या करतो. या दुसऱ्या तुकड्याचं चिलखत निकामी झालंय, कारण त्याच्या आत कुणी तरी शिरलंय. हरवलेलं गॅलियम शोधताय ना? ते चोरीला गेलेलं नाही. ते फळीत आहे."

"धातू धातूत शिरला?" कारागीर म्हणाला.

"पातळ होऊन. गॅलियम तळहातावर ठेवलं तरी वितळतं, तीस अंशांच्या आतच. शनिवार-रविवार ही खोली बंद, गरम. गॅलियम अर्धंमुर्धं वितळायचं. सोमवारी एसी लागला की परत गोठायचं. आणि बहुतेक धातू गोठताना आकसतात, गॅलियम फुगतं. बर्फ फुगून नळ फोडतो ना, तसं. एका सोमवारी बाटलीला तडा गेला. पुढच्या सुट्टीत ते वितळून तळातून झिरपलं. खाली ताजी खरवडलेली फळी, तिच्यावर फुटक्या काचेची धार टेकलेली. चिलखताला भोक पडायला तेवढं पुरलं. दोन दिवसांत त्यानं पत्रा आतून पोखरला, आणि वरच्या लोखंड-तांब्याच्या वजनानं तो मोडला. कुलूप लावलेल्या कपाटात कुणाचाही हात गेला नव्हता."

मग मोठ्या बाईंनी ताईला नको असलेला तो प्रश्न विचारलाच.

"पण मग ते काचेत ठेवलं कुणी? बाटल्या तर तुम्ही बदलल्यात," त्या नव्या बाईंकडे वळल्या.

"मी ती बदलली नाही," नव्या बाई पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या. "खरंच नाही."

"मग लेबल कसं तुमचं?"

ताईला उत्तर माहीत होतं. गुरुवारी संध्याकाळी काका गेल्यावर तिनं त्यांच्या टेबलाचा तो खण उघडून पाहिला होता. टाचण्यांची पांढरी बाटली आत्ता तिच्या पिशवीत होती. ती बाहेर काढायला तिचा हात उचलेना. ज्या माणसाचे उपकार फेडायला आली, त्याच्याच माथी हे मारायचं? आणि न मारावं, तर त्या बिचाऱ्या मुलीचं काय? ती गप्प राहिली. जेमतेम दोन-चार क्षणच गप्प राहिली असेल, पण पुढे आयुष्यभर तिला त्या क्षणांची लाज वाटली.

"ती बाटली मी बदलली," बर्नरकाका म्हणाले.

ते स्टुलावरून उठले होते. या वेळी ते अडखळले नाहीत.

"बाई गेल्यावर मी कपाट पुसत होतो. सगळी ओळ काचेची आणि मध्येच ही एक प्लास्टिकची. तपासणीवाले बाईंना म्हणतील, अर्धवट काम केलंत. टेबलावर लेबल होतं, एक बाटली शिल्लक होती. बाटली कोमट पाण्यात धरली, गॅलियम ओतलं, लेबल लावलं. म्हटलं, बाईंचं काम पूर्ण झालं. ती मुंगीएवढी अक्षरं मला वाचताच आली नाहीत, आणि चष्मा घ्यायचा मी कंटाळा केला."

ताईनं पांढरी बाटली टेबलावर ठेवली. तिला काकांकडे बघवेना. तिला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. पण काका फळीजवळ गेले, करडा तुकडा उचलून त्यांनी उजेडात धरला, नखानं मोडून पाहिला. मग वळून त्यांनी विचारलं, "गोठताना फुगतं? नक्की?"

"नक्की, काका."

"बर्फासारखं?"

"हो."

"अरेच्चा!" काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे ताईनं पूर्वी फक्त मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. "अडतीस वर्षं मी याला वितळताना बघतोय, मुलांच्या हातावर ठेवतोय. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!"

मोठ्या बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. काकांची बुधवारची कबुली होती ती. त्यांनी ती चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"काका, मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माफ करा. आणि कपाट आहे तिथेच राहील. स्क्रीन मी दुसऱ्या भिंतीवर लावीन."

नव्या बाईंनी नुसते काकांचे दोन्ही हात धरले, आणि काका अवघडून म्हणाले, "अहो, हात धुवा नंतर. गॅलियम लागलंय माझ्या हाताला, डाग पडेल."

८

समारंभ शनिवारी झाला, पण हॉलमध्ये नाही. काकांनी एकच मागणी केली होती. मुलांना हे त्यांना स्वतः दाखवायचं होतं. ताईनं आपल्या ऑफिसातून थोडं गॅलियम आणलं, अर्थातच प्लास्टिकच्या बाटलीतून. कारागिरानं नवी फळी बसवली आणि उरलेली पट्टी दिली. मागच्या बाकांवर माजी विद्यार्थी दाटीवाटीनं बसले. काही जणांची पोटं बाकात मावत नव्हती.

अडतीस वर्षं काका या खोलीत मागे उभे राहिले होते. आज ते पुढे उभे राहिले. त्यांनी पट्टी खरवडली, वर गॅलियमचा थेंब चोळला आणि तो शिरेपर्यंत मुलांना सांगत राहिले, की मोबाइलच्या दिव्यात हेच गॅलियम असतं, पत्र्याच्या डब्याला आतून टिन असतं, नळाला चकाकी क्रोमियम देतं. तासाभरानं त्यांनी पट्टी दोन बोटांनी मोडली. वर्गातून एकच "आऽऽ" निघाला.

"आमच्या कपाटात हेच झालं," काका म्हणाले. "चूक माझी होती. वाचल्याशिवाय बाटली बदलली."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "तुम्हाला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं?"

नव्या बाई तिला दटावायला पुढे झाल्या, पण काका हसले.

"नव्हतं. काल कळलं."

वर्ग सुटल्यावर हार-तुरे झाले, भाषणं झाली. ताईनं चार पानांतलं एकही वाक्य वाचलं नाही. ती उभी राहिली, "काका" म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवून वेळ निभावून नेली.

सगळे गेल्यावर ती त्यांच्याजवळ गेली. "काका, मला तुमचे आभार मानायचे होते. तीस वर्षं राहिलेत."

"थांब. आधी मी," काका म्हणाले. "तू काल मला वाचवायला गप्प बसली होतीस ना, ते मी बघितलं. बरं झालं, आधीपासूनच गप्प नाही बसलीस. नाही तर मी हातोडीचं खोटं घेऊनच घरी गेलो असतो, आणि ते का मोडलं हे मला कळलंच नसतं." ते खुर्चीवर टेकले. "या खोलीत मी हजारो मुलं शिकताना बघितली, पोरी. प्रत्येक वेळी वाटायचं, एकदा आपणही त्या बाकावर असावं. काल तू शिकवत होतीस तेव्हा मी होतो."

ताईला जे जे म्हणायचं होतं, ते सगळं एकाएकी फार छोटं वाटायला लागलं. तिनं वाकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

मग दोघांनी बाह्या सरसावून नव्या फळीवर बाटल्या मांडायला घेतल्या. काका आता प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून मोठ्यानं वाचत होते.